तीन जागा, एक सर्व्हर: लेटन्सी आणि पॅकेट लॉस मोजण्याची साधनं ठरवताना केलेल्या प्रकल्प नोंदी

३ मार्च २०२५

तिन्ही जागा सोलापूर परिसरातल्या: कारखाना अक्कलकोट रोड एमआयडीसीत (टेरी टॉवेल आणि चादरी), विक्री कार्यालय नवी पेठेत, गोदाम चिंचोळी एमआयडीसीत. हिशेब आणि ऑर्डरचं सॉफ्टवेअर मुंबईतल्या क्लाउड सर्व्हरवर आहे. तिन्ही जागांहून ते रिमोट डेस्कटॉपने वापरलं जातं. कारखान्यात फायबरची लाइन १०० एमबीपीएस डाउनलोड आणि २० एमबीपीएस अपलोडची, जोडीला ४जी राउटर. बाकी दोन जागी साधं ब्रॉडबँड.

तक्रार अशी: दुपारी स्क्रीन गोठते, फोनवर समोरच्याचा आवाज तुटतो, पॅकिंगच्या टेबलावरचा बारकोड स्कॅनर मध्येच सुटतो. स्पीड टेस्ट मात्र केव्हाही लावा, आकडा चांगलाच. त्यात नवल नाही. स्पीड टेस्ट जवळच्या सर्व्हरशी, अनेक कनेक्शनं एकदम उघडून, दहा-पंधरा सेकंद मोजते. दिवसभरात कधी, कुठल्या टप्प्यावर आणि किती पॅकेट (डेटाचे छोटे तुकडे) पडली, म्हणजे वाटेत हरवली (लॉस), हे तिच्यातून कळत नाही. या प्रकल्पातल्या साधनांनी हेच तीन प्रश्न सोडवायचे आहेत.

आधी भूगोलाचा, म्हणजे लेटन्सीचा (जाऊन-येऊन लागणाऱ्या वेळेचा) हिशेब. काचेच्या तंतूत प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो, म्हणजे दर १०० किलोमीटरला जाऊन-येऊन १ मिलिसेकंद. सोलापूर-मुंबई रस्त्याने ४०० किलोमीटर धरलं तर ४ मिलिसेकंदांच्या खाली कुठलीच लाइन जाणार नाही. केबल सरळ जात नाही, मध्ये राउटर लागतात, म्हणून १२ ते १६ आलं तरी ते निरोगी मानायचं. रिकाम्या लाइनवर मध्यरात्रीही ५०-६० येत असेल, तर डेटा दूरच्या एखाद्या शहराला वळसा घालून मुंबईत पोचतोय. तो प्रश्न सेवा देणाऱ्या कंपनीच्या राउटिंगचा, आपल्या वायरिंगचा नव्हे.

५ मार्च २०२५

साधनांची छाननी. निकष एकच ठेवला: प्रत्येक साधन एका मिनिटात एका लक्ष्याला किती पॅकेट पाठवतं आणि मधले आकडे जपून ठेवतं की सरासरीत बुडवतं.

अपटाइम कुमा: बसवायला सगळ्यात सोपं, दिसायला छान. पण एका तपासणीला एकच पिंग (छोटं पॅकेट पाठवून उत्तराला लागलेला वेळ मोजणं), आणि दोन तपासण्यांत किमान २० सेकंदांचं अंतर. 'चालू आहे की बंद' यासाठी उत्तम, लॉस मोजण्यासाठी नाही.

झॅबिक्स: स्विच, सर्व्हर, यूपीएस सगळं एका जागी बघायचं असेल तर हेच घ्यावं. पिंगसाठी आतून एफपिंग (एकदम अनेक पिंग पाठवणारा प्रोग्राम) वापरतं, पण मूळ सेटिंगमध्ये एका वेळी तीनच पॅकेट. तीनातलं एक पडलं की आलेखात ३३ टक्के लॉस दिसतो आणि बघणारा घाबरतो. पॅकेटची संख्या वाढवता येते, पण ते मुद्दाम करावं लागतं.

प्रोमिथियसचा (आकडे गोळा करणाऱ्या देखरेख प्रणालीचा) ब्लॅकबॉक्स एक्स्पोर्टर: दर फेरीला एक आयसीएमपी, म्हणजे पिंगचं, पॅकेट. १५ सेकंदांची फेरी ठेवली तर मिनिटाला चार. यावरून लॉसची टक्केवारी काढून ग्राफानात (आलेख दाखवणाऱ्या साधनात) लावलेले बोर्ड पुष्कळ ठिकाणी दिसतात, पण त्या आकड्यावर विसंबता येत नाही. त्याच घराण्यातला स्मोकपिंग प्रोबर सतत पिंग करतो आणि प्रतिसादाचे वेळ हिस्टोग्राममध्ये टाकतो. प्रोमिथियस आधीपासून असलेल्यांनी तो घ्यावा. इथे प्रोमिथियस नाही, आणि एवढ्यासाठी ते सगळं उभं करून सांभाळायला माणूसही नाही.

स्मोकपिंग: टोबी एटिकर यांचं, म्हणजे एमआरटीजी आणि आरआरडीटूल (नेटवर्कचे आकडे साठवून आलेख काढणारी साधनं) ज्यांनी लिहिलं त्यांचंच. पर्लमधलं, रूप जुनाट. पण दर फेरीला मूळ सेटिंगमध्येच २० पिंग आणि त्यातल्या प्रत्येकाचा वेळ जपलेला. आलेखात मधली रेघ म्हणजे मध्यक, भोवतीचा करडा धूर म्हणजे आकड्यांचं विखुरणं, आणि रेघेचा रंग म्हणजे लॉस. रेघ स्थिर पण धूर पसरलेला असेल तर जिटर (उशिराचा चढउतार). रेघच वर चढली तर रांग तुंबलीय किंवा मार्ग बदललाय. धूर नाही, फक्त रंग बदलला, तर बहुधा केबल किंवा जोड. ही तिसरी ओळख दुसऱ्या कुठल्याही साधनात इतकी चटकन होत नाही. निवड इथेच झाली.

एकतर्फी वेळ मोजणारं ओव्हॅम्प (आरएफसी ४६५६) हवंसं वाटतं, कारण जाताना उशीर की येताना, हे पिंग सांगत नाही. पण त्याला दोन्ही टोकांची घड्याळं मिलिसेकंदाच्या आत जुळलेली लागतात. इंटरनेटवरच्या एनटीपीने (घड्याळ जुळवण्याच्या पद्धतीने), तेही जाण्यायेण्याचा वेग असमान असलेल्या लाइनवर, घड्याळ काही मिलिसेकंदांनी सरकलेलं राहू शकतं, आणि इथे मोजायचा फरकही तेवढाच. सोडून दिलं.

सोबतीला दोन: एमटीआर, टप्प्याटप्प्याचा पुरावा काढायला; आणि आयपर्फ ३, फक्त ठरवलेल्या वेळेत, मुद्दाम भार टाकून बघायला.

६ मार्च २०२५

२० पिंग पुरतात का? खरा लॉस १ टक्का असेल तर २० पैकी एकही न पडण्याची शक्यता ०.९९ चा विसावा घात, म्हणजे ८२ टक्के. एक फेरी बघून 'लॉस नाही' म्हणणारा पाचातून चार वेळा चुकेल. १०० पिंगला ही शक्यता ३७ टक्के, ३०० ला ५ टक्के. म्हणून नियम ठरवला: ३०० पॅकेटच्या आत लॉसबद्दल कुणी काही बोलायचं नाही. फेरी दर मिनिटाला २० पिंगची ठेवली तर १५ मिनिटांत ३०० होतात.

आणि १ टक्का म्हणजे किरकोळ नाही. टीसीपीच्या (डेटा पोच घेत पाठवण्याच्या नेहमीच्या पद्धतीच्या) जुन्या रेनो प्रकारासाठी मॅथिस यांचं १९९७ चं सूत्र आहे: वेग = सेगमेंटचा (एका पॅकेटमधल्या डेटाचा) आकार भागिले फेरीचा वेळ, गुणिले १.२२ भागिले लॉसचं वर्गमूळ. १४६० बाइटचा सेगमेंट, २० मिलिसेकंद, १ टक्का लॉस यांना एका कनेक्शनचा वेग सुमारे ७ एमबीपीएस येतो, लाइन १०० ची असो की १००० ची. लॉस ०.०१ टक्का केला की तोच ७१. क्युबिक आणि बीबीआर या पद्धती यापेक्षा बऱ्या वागतात, पण रिमोट डेस्कटॉपची स्क्रीन का गोठते याचा अंदाज या सूत्रातून नीट येतो.

८ मार्च २०२५

मोजणारा डबा. रास्पबेरी पाय ३ (तळहाताएवढे छोटे संगणक) कपाटात पडून होते, ते नाकारले: त्याचं इथरनेट यूएसबी २ वरून जातं आणि त्याचा स्वतःचा उशीर मोजणीत मिसळतो. पाय ४ चं इथरनेट स्वतंत्र गिगाबिट आहे. तीन जागांना तीन पाय ४ (२ जीबी), प्रत्येकी ५ व्होल्ट ३ अँपिअरचा ॲडॉप्टर, ॲल्युमिनियमचा पंख्याविना डबा.

पंखा मुद्दाम नाही. मागांच्या शेडमध्ये सुताची तूस हवेत असते. पंखा ती आत ओढतो आणि महिन्याभरात पात्यांवर नमदा बसतो. डबा शेडमध्ये न ठेवता ऑफिसच्या रॅकमध्येच ठेवायचा, हेही ठरलं. पाय ४ चा प्रोसेसर ८० अंशांना वेग कमी करायला लागतो, आणि सोलापुरात एप्रिलमध्ये बाहेरच ४० च्या वर असतं.

मेमरी कार्डवर आरआरडी फायली (स्मोकपिंग आकडे साठवतं त्या) दर मिनिटाला लिहिल्या तर कार्ड लवकर मरतं. त्यामुळे मुख्य स्मोकपिंग मुंबईच्या क्लाउडमधल्या छोट्या लिनक्स मशीनवर, आणि पाय हे त्याचे स्लेव्ह. स्लेव्ह आपणहून वेबवरून मुख्याकडे जातो, सेटिंग उचलतो, मोजलेलं पाठवतो. तिन्ही लाइन सामायिक पत्त्याच्या मागे आहेत (राउटरच्या बाहेरच्या बाजूला १००.६४ ने सुरू होणारा पत्ता दिसतो), बाहेरून आत शिरताच येत नाही, तरी ही रचना चालते. लाइन तुटली तर स्लेव्ह नोंदी स्वतःकडे साठवतो आणि जोडणी परत आली की पोचवतो.

जिथे अडतं ती जागा: पाय ४ ला घड्याळाची बॅटरी नाही. वीज जाऊन आली आणि इंटरनेट अजून आलेलं नसलं तर घड्याळ मागे राहतं. मागच्या वेळेची नोंद आरआरडी घेत नाही, नाकारते. उपाय म्हणून क्रॉनीने वेळ जुळवल्याशिवाय स्मोकपिंग सुरूच होणार नाही अशी अट सिस्टमडीत (लिनक्सवर प्रोग्राम सुरू करणाऱ्या यंत्रणेत) घातली. रॅकच्या यूपीएसवर फायबरचा ओएनटी (फायबरच्या टोकाचा, प्रकाशाचं विजेच्या सिग्नलमध्ये रूपांतर करणारा डबा), राउटर, स्विच आणि पाय, चौघंही. ओएनटी यूपीएसबाहेर राहिला तर विजेच्या प्रत्येक झटक्याला 'लाइन गेली' अशी खोटी नोंद पडते.

१० मार्च २०२५

बसवलं. फेरी ६० सेकंद, पिंग २०. एफपिंगच्या मूळ अंतराने ही २० पॅकेट पहिल्या २० सेकंदांतच निघून जातात आणि उरलेली ४० सेकंद साधन आंधळं. हे अंतर २.५ सेकंद केलं. आता पॅकेट जवळपास मिनिटभर पसरतात. फेरीचा काळ आणि पिंगची संख्या आधीच ठरवून घ्यावी. नंतर बदलली तर आरआरडीची रचना जुळत नाही, जुन्या फायली काढून नव्याने सुरुवात करावी लागते आणि इतिहास जातो.

डेटाचा हिशेब: एक पिंग ८४ बाइट, तासाला १२००, दोन्ही दिशा मिळून एका लक्ष्याला दिवसाला सुमारे ४.८ एमबी. फायबरला हे काहीच नाही. ४जी वर रोजची मर्यादा असते, म्हणून तिथे दोनच लक्ष्यं.

लक्ष्यांची शिडी, जवळून लांब: राउटरची आतली बाजू, शेडचा स्विच, पॅकिंगचा स्विच, इंटरनेट देणाऱ्या कंपनीचा पहिला राउटर, मुंबईतला कंपनीचा उत्तर देणारा राउटर, आपला सर्व्हर, शेवटी १.१.१.१ आणि ८.८.८.८ (क्लाउडफ्लेअर आणि गूगलचे सार्वजनिक डीएनएस). शेवटची दोन फक्त तुलनेपुरती. ते पत्ते एकाच वेळी जगभरच्या अनेक सर्व्हरवर आहेत, आज मुंबईचं उत्तर तर उद्या दुसरीकडचं, आणि पिंगला उत्तर देणं हे त्यांचं कामही नव्हे. फक्त ८.८.८.८ ला पिंग लावून ठेवणं ही सर्रास दिसणारी चूक आहे. आपला सर्व्हर आजारी असला तरी ती रेघ हिरवीच राहते.

क्लाउडच्या फायरवॉलमध्ये आयसीएमपीचा इको उघडावा लागला. सोबत 'पॅकेट मोठं आहे' हा संदेश (प्रकार ३, कोड ४) सुद्धा उघडला. तो बंद असला तर काय होतं ते २२ तारखेच्या नोंदीत.

१२ मार्च २०२५

पहिल्या ४८ तासांचे आलेख. तक्रार एक, आजार दोन.

पहिला: ऑफिसच्या रॅकमधून पॅकिंगच्या स्विचला दिवसपाळीत लॉस ०.४ टक्क्याच्या आसपास, रात्री जवळपास शून्य. मध्यक हलत नाही, धूर नाही. हा स्विच शेड ओलांडून पलीकडे आहे.

दुसरा: मुंबईच्या सर्व्हरची रेघ दिवसभर १५ मिलिसेकंदांवर, पण ३ ते ५ या वेळात १८० पर्यंत चढते आणि भोवती दाट धूर. त्याच वेळी कंपनीच्या पहिल्या राउटरची रेघही तशीच चढते, राउटरच्या आतल्या बाजूची मात्र हलत नाही. म्हणजे गर्दी आपला राउटर आणि कंपनीचा पहिला राउटर यांच्या मधल्या टप्प्यावर, आणि शिडीतलं पुढचं सगळं तिचीच सावली.

शिडी नसती आणि फक्त सर्व्हरला पिंग असता, तर दुसरा आजार 'मुंबईचा सर्व्हर हळू' असा वाचला गेला असता आणि पहिला दिसलाच नसता.

१५ मार्च २०२५

एमटीआर कसं वाचायचं, यावर वेगळी नोंद हवी. इथेच सगळ्यात जास्त भांडणं होतात.

लाइनच्या कंपनीकडे पाठवायच्या अहवालात चौथ्या टप्प्यावर ४० टक्के लॉस दिसला. पाचव्या, सहाव्या आणि शेवटच्या टप्प्यावर शून्य. हा लॉस नव्हे. राउटर येणारी-जाणारी पॅकेट हार्डवेअरमधून पुढे ढकलतो. पण स्वतःला उद्देशून आलेल्या किंवा आयुष्य संपलेल्या पॅकेटला उत्तर द्यायचं काम त्याच्या प्रोसेसरकडे असतं आणि त्यावर मर्यादा घातलेली असते. चौथ्या टप्प्यावर खरंच ४० टक्के पडत असती तर पुढच्या सगळ्या टप्प्यांवर किमान तेवढी पडली असती. त्यामुळे लॉस एखाद्या टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकतो तेव्हाच तो खरा धरायचा.

उशिराचंही तेच. मधला एक टप्पा ९० मिलिसेकंद आणि पुढचा परत १५, तर तो राउटर उत्तर द्यायला आळशी आहे एवढंच.

परतीचा रस्ता एमटीआरला दिसत नाही. जाताना पुण्यामार्गे आणि येताना हैदराबादमार्गे, असं होऊ शकतं, आणि पडझड येतानाच्या वाटेवर असेल तर खापर जातानाच्या टप्प्यावर फुटतं. म्हणून सर्व्हरकडूनही मोजायला हवं. आत शिरता येत नसल्याने पायवरून मुंबईकडे वायरगार्डचा बोगदा (व्हीपीएन) काढला, २५ सेकंदांच्या कीप-अलाइव्हसह (वाट उघडी ठेवणारं पॅकेट). बोगद्यातून उलट्या दिशेचा पिंग लागतो. मधले टप्पे मात्र बोगद्यात दिसत नाहीत. ते बघायला सर्व्हरवरून कंपनीच्या सार्वजनिक पत्त्यापर्यंत वेगळा एमटीआर काढायचा, जिथवर जाईल तिथवर.

अहवालाची पद्धत ठरवली: ३०० पॅकेट, नावांऐवजी फक्त पत्ते, एकदा आयसीएमपीने आणि एकदा टीसीपी ४४३ ने, दोन्ही टोकांकडून, एकाच वेळी, वर तारीख आणि घड्याळ. टीसीपीचा अहवाल यासाठी, की काही ठिकाणी आयसीएमपीला मुद्दाम मागे ठेवतात. खऱ्या कामाची पॅकेट टीसीपीची असतात.

१७ मार्च २०२५

दुसरा आजार उलगडला. दुपारी ३ वाजता कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग आणि डिझाइनच्या फायली क्लाउडवर चढायला लागतात. अपलोड २० एमबीपीएसचा, तो पूर्ण भरतो. आधी १५ मिलिसेकंद होतं, आता १८०, म्हणजे १६५ मिलिसेकंदांची रांग. २० एमबीपीएसला १६५ मिलिसेकंद म्हणजे ४१२ केबी. कुठल्या तरी डब्याच्या बफरमध्ये एवढा डेटा वाट बघत उभा आहे आणि त्याच्या मागे फोनचं छोटं पॅकेटही उभं आहे. दोन्ही टोकांच्या फोनचे स्वतःचे बफर यात मिळवले की एकतर्फी उशीर आयटीयूच्या (आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या) जी.११४ शिफारशीतल्या १५० मिलिसेकंदांच्या पलीकडे सहज जातो. आवाज तुटण्यामागे हेच.

आयपर्फ ३ ने खात्री केली, रात्री ९ नंतर. वीस सेकंद टीसीपी अपलोड, त्याच वेळी दुसऱ्या खिडकीत पिंग: १५ वरून १७८. भार थांबवला की लगेच परत १५. मग फोनसारखा प्रवाह: यूडीपी (पोच न घेता पाठवण्याची पद्धत), ६४ केबीपीएस, १६० बाइटचं पॅकेट, म्हणजे सेकंदाला ५०, जी.७११ (फोनवरच्या आवाजाचं प्रमाण) सारखाच. लाइन रिकामी असताना जिटर १ मिलिसेकंदाच्या आत, भरलेली असताना २० च्या वर आणि लॉसही.

आयपर्फ वापरताना दोन सावधगिरी. यूडीपीत वेग सांगितला नाही तर तो १ एमबीपीएसच पाठवतो आणि 'लाइन १ एमबीपीएसची आहे' असा गैरसमज होतो. उलट १०० एमबीपीएस सांगून २० च्या अपलोडवर सोडलं तर ८० टक्के लॉस दिसेल, आणि तो आपणच केलेला असेल. पाळी चालू असताना हे साधन लावायचंच नाही.

उपाय: राउटरवर (मायक्रोटिक, राउटरओएस ७) केक ही रांग लावली, अपलोड १८ एमबीपीएसला बांधला. खऱ्या वेगाच्या ९० टक्क्यांवर बांधायचं कारण असं की रांग कंपनीच्या डब्यात न साचता आपल्या राउटरमध्ये साचली पाहिजे. तरच केकला तिच्यातून छोटी पॅकेट पुढे काढता येतात. कॅमेऱ्यांचं चढवणं रात्री ११ वर नेलं.

१८ तारखेची दुपार बघून जोडलेली ओळ: ३ ते ५ मध्ये मध्यक १५ ते १९, धूर पातळ.

१९ मार्च २०२५

रंगपंचमी. शेड बंद, माग बंद. पॅकिंगचा स्विच मात्र चालू.

पहिल्या आजारासाठी हा दिवस आयताच मिळाला. सकाळी ८ ते संध्याकाळी ८, एका लक्ष्याला १४,४०० पॅकेट, एकही पडलं नाही. स्विचच्या पोर्टवरचा सीआरसी त्रुटींचा (वाटेत बिघडून आलेल्या पॅकेटचा) आकडा सकाळी होता तोच संध्याकाळी. काल पाळी सुरू असताना तो तासाला शेकड्यांनी वाढत होता. वेग आणि डुप्लेक्स (एकाच वेळी दोन्ही दिशांना की आळीपाळीने, ही सेटिंग) दोन्ही टोकांना सारखे, तेव्हा त्यातली विसंगती नव्हे.

केबलचा माग काढला. ऑफिस ते पॅकिंग कॅट ५ई, टेस्टरवर लांबी १०८ मीटर. मर्यादा १०० ची. शिवाय सुमारे ६० मीटर ती ४१५ व्होल्टच्या केबलबरोबर एकाच ट्रेमधून जाते आणि मोटरचा वेग बदलणाऱ्या ड्राइव्हच्या पॅनेलला चिकटून वळते. ड्राइव्ह विजेची लाट तुकड्यातुकड्यांत कापतो, त्या तीक्ष्ण कडांचा गोंगाट शेजारच्या वायरीत उतरतो. शील्ड नसलेली, मर्यादेपेक्षा लांब केबल: सिग्नल आधीच क्षीण, वर गोंगाट.

२० मार्च २०२५

माग ८ ला सुरू, ८ वाजून ४ मिनिटांनी पहिला लॉस.

पॅकेटच्या आकाराची चाचणी. ५६ बाइटच्या पिंगला लॉस ०.४ टक्का, १४७२ बाइटच्या पिंगला ४.१ टक्के. बिट सुटे-सुटे बिघडत असते तर लॉस फ्रेमच्या (तारेवरून जाणाऱ्या पूर्ण पॅकेटच्या) लांबीच्या प्रमाणात, म्हणजे जवळपास १५ पट दिसायला हवा होता. दहा पट आहे, म्हणजे आघात झुपक्याने येतात, जे मोटरच्या गोंगाटाशी जुळतं. रांग तुंबल्याने पॅकेट पडतात तेव्हा आकाराचा असा फरक सहसा दिसत नाही. म्हणून ही चाचणी स्वस्तात निदान करून देते.

म्हणजे १२ तारखेचा ०.४ हा आकडा खरा असूनही दिशाभूल करणारा होता. काम करणाऱ्या पॅकेटना त्याच्या दहापट मार बसत होता. स्मोकपिंगमध्ये एफपिंगचा दुसरा प्रोब जोडला, पॅकेटचा आकार १४०० बाइट. आतल्या प्रत्येक स्विचला आता दोन रेघा: छोटी आणि मोठी. हे पहिल्याच दिवशी करायला हवं होतं. पुढच्या कुठल्याही जागी ते सुरुवातीलाच होईल.

२२ मार्च २०२५

नवी पेठ. इथे पिंग निर्दोष, तरी एक रिपोर्ट उघडताना अडकतो. तुकडे करायला मनाई करून पिंग केला: १४७२ बाइट जात नाही, १४६४ जातो. लाइन पीपीपीओई (लॉगिन करून जोडणारी पद्धत), तिची ८ बाइटची टोपी वजा जाता एमटीयू, म्हणजे पॅकेटचा कमाल आकार, १४९२. मधल्या कुठल्या तरी फायरवॉलने 'पॅकेट मोठं आहे' हा संदेश अडवल्याने पाठवणाऱ्याला कळतच नाही आणि मोठी पॅकेट मुकाट नाहीशी होतात. राउटरवर टीसीपीचा एमएसएस (सेगमेंटचा कमाल आकार) १४५२ ला बांधला, रिपोर्ट उघडला. छोट्या पिंगवर चालणारं कुठलंही साधन हा दोष वर्षभरात पकडणार नाही.

इथली अर्धी माणसं वायफायवर आहेत आणि पाय वायरवर, त्यामुळे पायची हिरवी रेघ त्यांच्याबद्दल काही सांगत नाही. मोबाइलला पिंग लावून उपयोग नाही. बॅटरी वाचवायला तो झोपतो आणि शेकडो मिलिसेकंदांनी उत्तर देतो.

२५ मार्च २०२५

इशारे. 'एका फेरीत लॉस आला की कळवा' असं ठेवलं तर दिवसाला पन्नास संदेश येतात आणि तिसऱ्या दिवसापासून कुणी बघत नाही. स्मोकपिंगमध्ये साचा लिहिता येतो: लॉस, मग जास्तीत जास्त बारा फेऱ्यांचं अंतर, परत लॉस, परत तेवढं अंतर, परत लॉस. अधूनमधून येणारी खोड यात सापडते, एकटादुकटा झटका गळून पडतो. हा साचा आतल्या स्विचना लावला, कारण तिथे शून्याशिवाय काही मान्य नाही. बाहेरच्या लक्ष्यांना सलग पाच फेऱ्यांत १० टक्क्यांच्या वर, एवढंच. लेटन्सीला सलग दहा फेऱ्या ८० मिलिसेकंदांच्या वर.

इशारा मुंबईच्या मशीनवरून निघतो, ते बरं. तुटलेल्या लाइनवरूनच 'लाइन तुटली' हा संदेश जाऊ शकत नाही.

चालू-बंदचा साधा फलक व्यवस्थापकांना हवा होता. त्यासाठी त्याच मशीनवर अपटाइम कुमा ठेवलं, सहा लक्ष्यं. त्या फलकावरून निदान करायचं नाही, हे फलकाच्या नावातच लिहिलं.

३० मार्च २०२५

गुढीपाडवा, रविवार. शेड बंद असल्याने केबल बदलायला सबंध दिवस मिळाला.

शील्डेड केबल टाकून भागलं नसतं. लांबीची अडचण उरतेच, आणि दोन इमारतींच्या अर्थिंगमध्ये फरक असेल तर शील्डमधूनच प्रवाह वाहतो. फायबरच टाकलं: ४ कोर सिंगल मोड आर्मर्ड १३० मीटर (दोन्ही टोकांना वेटोळं धरून), दोन एलआययू (फायबर संपवायच्या पेट्या), आठ एलसी पिगटेल (कनेक्टर लावलेले तंतूचे तुकडे), दोन एलसी पॅचकॉर्ड, दोन्ही स्विचना १३१० नॅनोमीटरचे एलएक्स एसएफपी (स्विचमध्ये बसणारे प्रकाश पाठवणारे-घेणारे तुकडे). मार्ग छताच्या कडेने, विजेच्या ट्रेपासून वेगळा. केबलचं पोलादी आवरण एकाच टोकाला अर्थ केलं. दोन कोर वापरात, दोन राखीव.

स्प्लाइसिंगनंतर येणारा प्रकाश एका टोकाला उणे ६.८ डीबीएम (प्रकाशाच्या शक्तीचं माप; जितकं जास्त उणे तितका क्षीण), दुसऱ्याला उणे ७.१. या प्रकारच्या एसएफपीला उणे ३ ते उणे १९ चालतं. पॅकिंगच्या बाजूचा पहिला आकडा उणे १३ आला होता: पॅचकॉर्डच्या तोंडावर तूस. क्लीनर पेनने पुसल्यावर जागेवर आला. रबरी टोपी काढली की लगेच जोडायचं, टेबलावर उघडं ठेवायचं नाही. या शेडमध्ये दोन मिनिटंही पुरतात.

३ एप्रिल २०२५

पूर्ण पाळीचे तीन दिवस. पॅकिंगच्या स्विचला छोट्या आणि मोठ्या दोन्ही पिंगला लॉस शून्य, सीआरसीचा आकडा स्थिर. दिवसाला २८,८०० पॅकेट; त्यात एकही पडलं नाही तर ९५ टक्के खात्रीने खरा लॉस ३ भागिले २८,८००, म्हणजे सुमारे ०.०१ टक्क्याच्या आत. 'शून्य' लिहिताना शेजारी पॅकेटची संख्या लिहायची पद्धत पाडली आहे.

८ एप्रिल २०२५

चिंचोळीचं गोदाम. दोन आठवड्यांपासून अधूनमधून १ ते २ टक्के लॉस, कंपनीच्या पहिल्या राउटरपासून शेवटपर्यंत टिकणारा, दुपारी जास्त. अपलोड रिकामा, म्हणजे रांग नव्हे. ओएनटीच्या पानावर येणारा प्रकाश उणे २७.४ डीबीएम. जीपॉनच्या (घराघरांत फायबर पोचवण्याच्या पद्धतीच्या) बी+ वर्गात ओएनटीची सीमा उणे २७ आहे, तेव्हा लाइन कड्यावर उभी आहे. ऊन चढलं की पत्र्याच्या पेटीतला जोड आणखी थोडा सरकत असावा.

दोन्ही टोकांचे ३०० पॅकेटचे एमटीआर, स्मोकपिंगचे चौदा दिवसांचे आलेख आणि प्रकाशाचा आकडा एकत्र पाठवले. तांत्रिक माणूस दुसऱ्या फेरीत थेट जोडापाशीच गेला. खांबावरच्या पेटीत तंतूला घट्ट वळण पडलं होतं, आणि हिरव्या कनेक्टरच्या तोंडावर धूळ. वळण मोकळं केलं, कनेक्टर बदलला: उणे १९.६.

उरलेली कामं: ओएनटीचा प्रकाशाचा आकडा रोज आपोआप नोंदवायचा आहे, त्याच्या वेबपानावरून तो उचलणारी स्क्रिप्ट अर्धी झाली आहे. अक्कलकोट रोडच्या रॅकमधल्या पायचं तापमान काल दुपारी ६८ अंश होतं, मेमध्ये परत बघायचं. ४जी राउटरवर आपोआप वळण्याची चाचणी राहिली आहे. ती पुढच्या बंद दिवशी, फायबरचा पॅचकॉर्ड प्रत्यक्ष काढून.